वारा मोजणारा मीटर

मित्रांनो, मी पाण्याचा मीटर आहे. वयाने फार म्हातारा नाही, पण सध्या गोणीत पडून आहे, म्हणून जुनाच म्हणा.

भिवंडीजवळच्या वळ गावात, गोदामांमागच्या वस्तीच्या नळावर मला बसवले. माझ्या पोटात चक्री आणि डोक्यात सिमकार्ड. चक्री फिरली की आकडा थेट दूरच्या संगणकात जाई. हजारो गावांचे आकडे वाचून विकास कुठे पोचला, हे तो स्वतःच ठरवी. पाणी पोचलेले गाव नकाशावर हिरवे होई. आमची वस्तीही लवकरच हिरवी झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मीही फुगलो.

हिरव्या वस्तीला टँकर कशाला? तो बंद झाला.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. पाण्याचा काही नेम नाही, म्हणून नळाशेजारी राहणारी गुणाबाई तो उघडाच ठेवी आणि खाली हंडा लावी. धार पडली की घरात ऐकू येई. पण पाइपातून आधी सुटे तो वारा. त्याने माझी चक्री गरगर फिरे आणि मी तो पाणी म्हणून मोजत असे. दुसरे मला येतच नव्हते. हंड्याचा जेमतेम तळ झाकला जाई.

तिची सून रूपा पोटुशी. ट्रकांच्या रांगेतून रस्ता ओलांडून ती गोदामाच्या टाकीवरून कळशी भरून आणी. मला फार वाईट वाटे.

एकदा हंडा कोरडा असूनही माझा आकडा पळताना पाहून गुणाबाईने नळापुढे हात धरला.

"अगं रूपा, ही तं नुसती हवा हाय! हिलाच पानी समजत्यात." तिने नळ घट्ट बंद केला. "आता दिसंल त्यांना."

मी शून्य पाठवू लागलो. पहिल्यांदाच खरे बोलत होतो. पण संगणकाने माझे जुने आकडे पाहून निकाल दिला: मीटर नादुरुस्त. वस्ती हिरवीच राहिली.

प्रितम नावाचा कारागीर नवा मीटर घेऊन आला. गुणाबाईने त्याला सगळे सांगितले.

"टँकर पाठवा रं बाबा. सुनंला आठवा लागलाय, आन पानी न्हाय."

"मावशी, मला फक्त मीटर बदलायला पाठवलंय," तो खाली मान घालून म्हणाला. त्याने मला काढून गोणीत टाकले, नवा मीटर बसवला आणि नळ उघडला. वारा सुटला, नवी चक्री फिरली. "झाला चालू," म्हणत त्याने फोटो काढला.

रूपा कळशी घेऊन रस्त्याकडे निघाली होती.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, एवढेच मी पूर्वी सांगितले असते. आता सांगतो, सगळे आमच्यावर सोपवू नका. आमचा आकडा चांगला दिसला, तरी एकदा त्या घरी जाऊन पाणी आले का, ते विचारा. आणि बाई नाही म्हणाली, तर तिचेच खरे माना.