उलट्या फेरीचा शब्द

मास्तरांचा वॉकर समोरून येणाऱ्या आजोबांच्या वॉकरवर धडकला आणि व्यायामाच्या दालनातली अख्खी रांग खोळंबली.

"काका, सगळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. तुमचंच का उलटं?" फिजिओथेरपिस्ट मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

मास्तरांनी नुसता वॉकर मागे घेतला. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. जन्मभर इंग्रजी शिकवलेला, शब्दांची पाळंमुळं खणून काढणारा माणूस आता पाणीसुद्धा बोटानं मागायचा. डॉक्टर म्हणाले होते, जीभ वळेल, पण मनानंच हाय खाल्लीय. आता बोलले नाहीत तर मुकेपणाच अंगवळणी पडेल. काकू रोज देवाकडे एवढंच मागायच्या, नवऱ्याच्या तोंडचा एक शब्द. कुठलाही चालेल.

भिंतीशी बसलेल्या काकू हसल्या.

"अगं, असल्या चालीला इंग्रजीत जुना शब्द आहे, विडरशिन्स. आता कोणी वापरत नाही. सूर्य फिरतो त्याच्या उलट फिरायचं. पूर्वी माणसं घाबरायची म्हणे असं फिरायला."

"अय्या! तुम्हाला कसं ठाऊक?"

"यांच्याशी संसार केलाय बाई. जेवतानाही शब्दांच्या कुंडल्या मांडायचे." काकूंनी चष्मा काढून पुसायला घेतला. "विडर म्हणजे विरुद्ध. आणि शिन्स म्हणजे सूर्य."

मास्तर जागच्या जागी थांबले.

"सूर्य?" मुलीनं विचारलं.

"सूर्यच. काळ्या दगडावरची रेघ."

मास्तरांचे कान लाल झाले. ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताठल्या.

"चू... चूक!"

दालनातले सगळे वॉकर थबकले.

"सूर्य... नाही. वाट! उलटी... वाट." मास्तरांना धाप लागली, पण गाडी थांबेना. "सूर्य... लोकांनी... मागून चिकटवला!"

"भले बहाद्दर!" धडक खाल्लेले आजोबा ओरडले. मुलीनं तर टाळ्याच पिटल्या.

"काकू, बरं झालं बाई तुम्ही चुकलात!"

काकूंना चष्मा काही केल्या डोळ्यांवर चढवता येईना. शेवटी तो त्यांनी तसाच हातात धरला, खुर्ची नवऱ्याच्या पुढ्यात ओढली आणि अगदी भोळा चेहरा करून विचारलं,

"चुकलंच माझं. पण अहो, शब्द मूळचा फ्रेंचच ना?"

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला.