वाइड बर्थ आणि शर्टाचं बटण

माणसानं आजवर जे जे शहाणपणाचं बोलून ठेवलंय, त्यातलं निम्मं जहाजावर जन्मलं, असं सारंगकाकांचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं खलाशांची मुकादमी केलेल्या माणसाला असं मत ठेवायचा अधिकारच होता. अडचण एवढीच, की ते ऐकायला घरात फक्त फ्रीज होता, आणि तोही मध्येच गुरगुरून विषय बदलायचा.

काकू जाऊन अकरा महिने झाले होते. तेव्हापासून काकांना कुणी "बसा ना" म्हटलं नव्हतं. जिन्यात भेटलेले शेजारी घड्याळ बघत. ज्यांच्या हातात घड्याळ नसे, ते नुसतं मनगट बघत.

त्या दुपारी काका शर्टाचं बटण लावायचं म्हणून दाराशी, उजेडात सुईशी झटत बसले होते. समोरच्या शिकवणीच्या बाई दार उघडं टाकून फोनवर बोलत होत्या.

"समोरच्या काकांना ना, मी वाइड बर्थच देते, चार हात लांबूनच जाते. नाहीतर तासाभराची निश्चिंती!"

दुसरा कुणी खट्टू झाला असता. काकाही झाले, पण क्षणभरच. मग त्यांचा चेहरा उजळला. शब्द जहाजावरचा होता! अकरा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. सुई कॉलरला खोचून, दोरा नि बटण मुठीत घेऊन, शर्ट खांद्यावर टाकून ते समोरच्या दारात हजर.

"बाई, वाइड बर्थ म्हणजे काय, ठाऊक आहे?"

बाईंनी फोन पाठीमागे लपवला. "अहो काका, ते मी... दुसऱ्या एका काकांबद्दल..."

"असू द्या हो. काडेपेटी आहे का?"

काडेपेटी टेबलावर आली. काकांनी तिला दोरा बांधला आणि दुसरं टोक बटणाखाली दाबलं. "हे जहाज, हा नांगर. नांगर टाकला की जहाज गप्प उभं राहतं, असं लोकांना वाटतं. छे! वारा फिरला, भरती उलटली, की ते नांगराभोवती हिंडतं." काडेपेटीनं ऐटीत गोल फेरी मारली आणि वाटेत दोन पेनं पाडली. "म्हणून दुसऱ्यानं एवढी जागा सोडून उभं राहायचं. राग नसतो त्यात. धक्का लागू नये म्हणून."

बाई खाली पडलेली पेनं उचलायला विसरल्या. "आणि त्या जहाजावरच्या माणसाला भेटायचं असेल तर?"

"होडी पाठवायची."

"कुणी?"

काका काडेपेटीकडेच बघत राहिले. "ज्याला करमत नाही, त्यानं."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बसा ना, काका."

काका बसले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ही गोष्ट इमारतीत कुणाला सांगितली असती, तर खरी वाटली नसती.

"बाई, एक मागू? नाही म्हणू नका."

बाईंनी मनाची तयारी केली. रोजचा चहा, दुखण्याखुपण्यात लक्ष, दर रविवारी दोन तास समुद्राच्या गोष्टी.

काकांनी कॉलरची सुई काढून पुढे केली. "एवढा दोरा ओवून द्या. सकाळपासून नेम लागत नाहीये."