टॉवेलपुरती सावली

दवाखान्यात टेक्निशियनबाईंनी मधेच बटण बंद करून, कातडीला उपचाराचा उजेड देणाऱ्या माणूसभर उंच दिव्यांच्या पेटीचं दार उघडलं आणि सासूबाई कमरेच्या टॉवेलसकट सापडल्या.

"आजी, हा काढून उभं राहायचं असतं."

"का? दिवे काय टॉवेलला घाबरतात?" सासूबाई काळा चष्मा न काढताच म्हणाल्या.

सून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. सासूबाईंच्या अंगावरच्या चट्ट्यांना घरात कित्येक वर्षं तिने आणलेल्या साबणाचा प्रताप म्हटलं जाई. शेवटी तपासणीत तो कातडीत उतरलेला रक्तपेशींचा कर्करोग निघाला, लाखांत एखाद्याला होणारा. तरीही सासूबाईंनी शब्द मागे घेतला नाही. सुरुवात साबणानेच झाली, असं त्या येईल-जाईल त्याला सांगत.

टेक्निशियनबाईंनी टॉवेल सोडवला आणि त्या वाकून बघू लागल्या. पाठ, पोट, दंड निवळले होते. टॉवेलखालचे चट्टे मात्र जसेच्या तसे होते, आणि त्यातल्या एकाची गाठ झाली होती.

"हा आजार झाकल्या जागीच आधी धरतो, आजी. तिथेच उजेड नाही लागला तर कसं व्हायचं? आता हे नुसत्या दिव्यांचं काम राहिलं नाही." मग त्या सुनेकडे वळल्या. "घरी मलम कोण लावतं?"

"मी."

"मग हे दिसलं नाही तुम्हाला?"

दिसलं होतं. रोज दिसत होतं. बाकीचं अंग सुधारतंय आणि तेवढंच नाही, यावरून टॉवेलची गोष्टही तिने ताडली होती. तोंड उघडलं की पुन्हा साबण निघेल, म्हणून सुरुवातीला ती बोलली नाही. पुढे न बोलणं तिला आवडायला लागलं. भोगा आपल्या कर्माची फळं, असं मलम लावताना ती मनात म्हणायची. गाठ हाताला लागली त्या दिवशी तिचं बोट जागीच थांबलं, आणि तरीही ती बोलली नाही.

आता ती स्टुलावरून अर्धवट उठली.

"तिने सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मीच ऐकलं नाही. माझा स्वभाव कसा आहे, विचारा तिला."

टेक्निशियनबाई डॉक्टरांना बोलवायला गेल्या. सुनेने गाऊन सासूबाईंच्या खांद्यावर घातला.

"गाठीवर बोट थांबलं होतं तुझं. मला कळत नाही होय?"

"आई, मी..."

"गप्प बस, डॉक्टर येताहेत. परक्यांसमोर घरातलं काढायचं नसतं. घरी चल, मग बघते तुझ्याकडे."