खास महिलांसाठी

सिनेमाचं नाव सांगत नाही. सांगून तरी कुणाला आठवणार आहे? अठ्ठ्याण्णव साली कोल्हापुरात लागला आणि आठवड्यात उतरला.

माझ्या लग्नात माझ्या आईनं अक्षता टाकल्या त्या स्वयंपाकघराच्या दाराआडून. वडील मी शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून शुभकार्य कुणाचंही असो, धोंडुबाईनं, म्हणजे माझ्या आईनं, आपणहून मागं सरायचं, हे आमच्या बिद्री गावात ठरूनच गेलं होतं. ते दार काही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी सिनेमा काढला. त्यातली विधवा लेकीच्या लग्नात स्वतःच्या हातानं कुंकू लावते आणि भर मांडवातून चालत पुढं येते. शूटिंग आमच्याच घरात केलं. आईनं सगळ्या युनिटला भाकऱ्या थापून घातल्या, पण कॅमेऱ्यासमोर काय चाललंय ते एकदाही डोकावून बघितलं नाही. "लागल्यावर बघू की," म्हणायची. तिनं बघावं एवढंच मला हवं होतं. पुरस्कार-बिरस्कार गेले खड्ड्यात.

पण सिनेमा काढणं परवडलं, लावणं नको. आमची प्रिंट एकच. मंगळवार पेठेतले वितरक अण्णासो जुन्या ओळखीतले, त्यांनी कसंबसं एक थिएटर मिळवून दिलं. शुक्रवारी बरी माणसं होती. सोमवारी संवादापेक्षा पंख्यांचाच आवाज मोठा. थिएटरवाल्यानं सांगून टाकलं, बुधवारचा दुपारचा खेळ भरला नाही तर येत्या शुक्रवारी हिंदी सिनेमा चढवणार. आणि कोल्हापुरात पडलेल्या मराठी सिनेमाला पुढं सांगली-इचलकरंजीत कुत्रं विचारत नाही.

"बाया आणायचं काम माझ्यावर सोड," अण्णासो म्हणाले. "तू निवांत ऱ्हा." मी सोडलं, आणि त्याच खेळाला ये म्हणून आईला निरोप धाडला.

बुधवारी थिएटरपाशी पोचले तर रस्ताभर बायका. जरीच्या साड्या, गजरे, कडेवर पोरं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग रिक्षावरचा भोंगा नीट ऐकू आला. "खास महिलांसाठी खेळ! येणाऱ्या प्रत्येक सुवासिनीला हळदी-कुंकू आणि खण-नारळाची ओटी! चुकवू नका!"

दारात टेबल मांडलं होतं. अण्णासोंच्या पत्नी अक्काताई हातात तबक घेऊन एकेकीला कुंकू लावून आत सोडत होत्या. आणि पलीकडं सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आई उभी होती. इस्त्रीचं लुगडं, मुठीत तिकीट. तिच्या शेजारी तिच्यासारख्याच, कपाळ मोकळं असलेल्या आणखी दोघी-तिघी होत्या. त्यांना तिथं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

"आत का गेली न्हाईस?" मी विचारलं.

"जाऊ की. त्यांचं होऊ दे आदी. वाटंत कशाला कुनाच्या?"

मी तशीच अण्णासोंकडं गेले. "सिनेमा कशावर हाय ते बघितलंय न्हवं तुम्ही?"

"बघितला की. रडलो बी."

"मग हे काय मांडलंय?"

"पोरी, लोकास्नी सुधारणा पडद्यावर पायजे, दारात न्हाय. दिवे गेले की तुझ्या आईला मागनं सोडतो आत. अंधारात कोन बघतंय?"

माणूस वाईट नव्हता. माझ्या भल्यासाठीच करत होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी अक्काताईंच्या हातातलं तबक हिसकलं आणि दिलं भिरकावून.

कुंकू उंबऱ्यावर सांडलं. रांगेतली एक जण ओरडली, "आगं बया, कुंकू सांडलं!" झालं. रागावल्या असत्या तर मी समजावलं असतं, पण त्या भ्याल्या होत्या. नवऱ्याच्या जिवाची भीती कोण कशी घालवणार? "आज न्हाय बाई हितं पाय ठेवायचा," म्हणत रांग मोडली. आत बसलेल्याही पोरं उचलून बाहेर आल्या आणि उंबरा टाळून बाजूच्या दारानं गेल्या.

"माझं काय गेलं न्हाय," अण्णासो म्हणाले. "तुजाच शिनेमा उतरला."

तेवढ्यात आई पुढं आली. खाली बसली आणि सांडलेलं कुंकू दोन्ही हातांनी पदरात भरू लागली. "पायाखाली येऊ ने," एवढंच म्हणाली. तिला कुणी अडवलं नाही. ते कुंकू आता कुणी लावून घेणारही नव्हतं.

खेळ झाला. एवढ्या मोठ्या थिएटरात आई, त्या दोघी-तिघी आणि मी. मी पडद्याकडं बघतच नव्हते. पडद्यावरची आई कुंकू लावून मांडवात आली, तशी माझी आई पदर तोंडाला लावून रडली. हमसून हमसून रडली. माझ्या मनात आलं, जाऊ दे शुक्रवार, मला मिळायचं ते मिळालं.

दिवे लागले. पदरातलं कुंकू तिच्या कपाळापासून गालापर्यंत फासलं गेलं होतं. शेजारच्या बायकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मीही काही बोलले नाही. खरं सांगते, ती मला फार सुंदर दिसत होती.

बाहेर सायकल स्टँडवरच्या एका स्कूटरच्या आरशात तिला ते दिसलं. आधी तिनं आजूबाजूला बघितलं, कुणी ओळखीचं आहे का. मग लगबगीनं नळापाशी गेली.

"पानी सोड," म्हणाली. मी तोटी फिरवली. वडील गेले त्या दिवशी तिचं कपाळ दुसऱ्या बायकांनी पुसलं होतं. आज ती आपल्या हातानं घासत होती, कातडी सोलून निघेल इतकं, आणि पाणी मी सोडत होते.

"चांगला केलायस गं," घासता घासता ती म्हणाली. "लई धीराची दावलीयास बाई."

मग ओलं तोंड माझ्यापुढं धरलं.

"ऱ्हायलंय का गं कुठं? एस्टीत गावची मानसं असत्यात."

"न्हाय," मी म्हटलं. "काय सुदीक ऱ्हायलं न्हाय."