तीन नंबरचा धोंडा

दगडाला तोंड नसतं म्हणतात. नसू दे. मला पोट आहे, आणि त्या पोटावर डांबरानं काढलेला तिनाचा आकडा आहे. बेंबळीच्या शिवारात, महांतप्पाच्या रानात, बोरीच्या झाडाखाली मी पडलेला असतो. एवढी वर्षं गप्प राहिलो, आज मात्र सांगूनच टाकतो.

मूळचा मी ओढ्यातला. नारळाएवढा, गुळगुळीत. बायका माझ्यावर टाचा घासायच्या आणि साऱ्या गावाच्या गोष्टी बोलायच्या. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते ऐकायची खोड मला तिथंच लागली. ऐकता ऐकता एवढंही शिकलो, की माणूस गोड बोलायला लागला की त्याच्या हाताकडं बघावं.

दिवस लढाईचे होते, राज्य निजामाचं. सरकार लेव्ही म्हणून धान्य मोजून नेत होतं, त्यामुळं वही घेऊन आलेल्या कुणाकडंही गाव वाकड्या नजरेनंच बघायचं. त्यात शेतकी खात्याचे कामदार खाजामियाँ आले. त्यांनी महांतप्पाला गळ घातली, की ज्वारीच्या एका रानाचे चार पट्टे करू. एकात काहीच नाही, दुसऱ्यात शेणखत, तिसऱ्यात करडीची पेंड, चौथ्यात नवं पांढरं खत. कापणीला पट्टा पट्टा वेगळा तोलायचा, म्हणजे या मातीला काय मानवतं ते कळेल.

महांतप्पा हो म्हणाला. मग कामदारांनी ओढ्यातून आम्हा सहा जणांना उचललं, पोटावर आकडे घातले, पाठीवर चुना फासला आणि आकडे खाली करून बांधावर मांडलं. तीन वरच्या बांधाला, तीन खालच्या. समोरासमोरच्या दोघांत दोरी धरली की पट्ट्याची शीव. मला तेव्हाच शंका आली. मोजायचंच आहे, तर आकडे खाली कशाला लपवायचे? पाऊसपाण्यानं पुसू नयेत म्हणून, असं ते म्हणाले. असेल.

शेजारच्या रानातल्या ज्ञानोबाला तर काहीच पटलं नाही. ज्ञानोबा आणि महांतप्पा यांची सावड होती. दोघांकडं एकेकच बैल, जू एक. पेरणी, पाळी, मळणी, सगळं त्या एका जोडीवर. पांढरं खत चिमटीत धरून ज्ञानोबानं हुंगलं आणि म्हणाला, "मिठानं भाकर होती, रान न्हाय. आन हे धोंडे आज बांधावर हायती, उद्या लेव्हीवाले ह्येच धरून मोजतील."

कामदार हसले. मी हसलो नाही. मलाही तसंच वाटत होतं.

मार्गशीर्षातली येळवस आली. त्या अमावास्येला आमच्या भागात कुणी घरी जेवत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे लहानसं खोपटं, करायची, तिच्यात पाच धोंडे चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजायचे, भज्जी-आंबील खायची आणि आंबील पिकावर शिंपडायची. सावडीची गाडी दोन्ही घरची माणसं घेऊन आली. महांतप्पाची आई पार्वतम्मा वरच्या बांधालाच उतरली. गुडघ्यांमुळं पेरणीपासून ती रानात आली नव्हती. बांधावर मला बघून थांबली, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "पोरानं औंदा पांडव आधीच रंगवून ठिवले की. नुसते पसरून टाकलेत तेवढे."

वरचे तिघं आणि खालचे दोघं तिनं एकेक करून दुरडीत घातले. कोपीत नेऊन मांडले, पुन्हा चुना दिला, भस्म लावलं. दरवर्षीसारखे आईनंच ओढ्यातून आणले असतील, असं महांतप्पाला वाटलं. ज्ञानोबा आला, वाकला, आणि ज्या धोंड्यांना शिव्या दिल्या त्यांच्याच पुढं त्यानं डोकं टेकवलं. मग बाजरीचे चार उंडे जास्तच खाल्ले.

आठ दिवसांनी कामदार दोरी घेऊन आले, तर बांधावर एकटा सहा नंबर. वर्षाची मेहनत वाया गेली म्हणत त्यांनी दोरी खाली टाकली. महांतप्पाचं डोकं फिरलं. तो ज्ञानोबाकडं बघून म्हणाला, "धोंडे नकोत म्हणणारा गावात एकच माणूस हाय."

ज्ञानोबा मोठ्यानं बोलला नाही. "सावड मोडली म्हण की," एवढंच म्हणाला. आपला बैल सोडला आणि निघून गेला. ज्वारी भरात आलेली, मळणी तोंडावर, आणि दोन्ही घरांत एकेक बैल. मी कोपीत पालथा पडून सगळं ऐकत होतो. ओरडणार कशानं?

गोठ्यात बैल एकटा का, हे विचारत तिसऱ्या दिवशी पार्वतम्मा काठी टेकत रानात आली. कामदारही पुन्हा आलेले होते. लेकानं धोंड्यांचं सांगितलं. तिनं वरच्या बांधाकडं पाहिलं. मला वाटलं, ही काही बोलायची नाही. आकडा पोटाखाली, देवाला उलटं कोण करतंय? लेकाची, सरकारी माणसाची लाज कोण पत्करेल?

"चुना लावलेले व्हते, तेच का?" ती म्हणाली. "मग ज्ञानोबाचं नाव घेऊ नगंस. ते म्या उचललेत. पांडव केलेत त्यांचे."

कामदारांनी हळूच विचारलं, "अम्मा, कुठून कुठून उचलले, आठवतं का?"

"आठवतंय की. हितं पायात सराटा मोडला. हितं पदर बाभळीला अडकला." ती बांधानं चालत गेली. जिथं काठी टेकली तिथं कामदार वाकले. काळ्या मातीत चुन्याचं पांढरं कडं उमटलेलं होतं. पाचही सापडली.

महांतप्पा त्याच पावली ज्ञानोबाच्या घरी गेला. तिथं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. मळणीच्या सकाळी मात्र ज्ञानोबा कासरा धरून खळ्यावर उभा. "बैल आणलाय," तो म्हणाला. "म्या न्हाय आलो."

पण तराजू त्यानं कामदारांच्या हातून काढून घेतला आणि चारही पट्टे स्वतः तोलले. पांढऱ्या खताचा पट्टा सगळ्यांत जास्त भरला, पेंडीचा त्याच्या जरा मागं. "एका सालानं काय कळतंय," तो म्हणाला. "पुढच्या साली माझ्या रानात करा. दोरी मात्र म्या धरणार."

नव्या रानाला नवे धोंडे आले. आम्ही पाच जण देवच राहिलो, कोपीच्या जागी, बोरीखाली. चुना दरवर्षी चढतो, आकडा तसाच आहे. माझं एवढंच मागणं आहे बाबांनो, शेजाऱ्यावर बोट ठेवायच्या आधी आपल्या कोपीत हात घालून बघत जा.

ज्ञानोबा बघतो. दर येळवशीला वाकायच्या आधी तो आम्हा पाचही जणांना उलटं करतो, आकडे वाचतो, पुन्हा नीट पालथं घालतो. मग डोकं टेकवतो.