सुयुनबेकच्या नडगीतला मुक्काम

मी एक जिवाणू बोलतोय. नाव विचारू नका. ते डॉक्टरांनी ठेवलंय आणि मलाच उच्चारता येत नाही.

माझा जन्म नारीन गावातल्या कालिपा आपांच्या नाकात झाला. गावात कुणाला दुखलं-खुपलं की आपा दुवा पुटपुटत फुंकर घालायच्या. त्यांच्या नाकात मी अगदी सज्जन होतो. आम्हा जिवाणूंच्या पोटात सगळ्या कामांच्या सूचना असतात, त्यांना जनुकं म्हणतात. जागा बघून हव्या तेवढ्याच उघडायच्या. नाकात मी चिकटून राहायची सूचना उघडली, विष बनवायच्या मिटून ठेवल्या. फुकट राहणाऱ्याने घरमालकाला छळू नये, एवढी अक्कल मला आहे.

एका उन्हाळ्यात आपांचा नातू सुयुनबेक कोक-बोरू खेळताना पडला. घोड्यावरून बोकडाचं धड खेचायचा हा खेळ. त्याची नडगी फाटली, आणि जिल्हा संघाची निवड महिन्यावर आली होती. आपांनी नाक पुसलं, त्याच हाताने जखम चाचपली आणि प्रेमाने फुंकर घातली. माझा प्रवासखर्च वाचला.

जखमेत आम्ही मोजके होतो, तोवर गप्प राहिलो. आम्ही एकमेकांना रसायनांनी हाका मारतो. हाका दाट झाल्या की समजायचं, फौज जमली. मग चिकटायच्या सूचना मिटल्या, विषाच्या उघडल्या. पाय सुजला, ताप चढला.

दवाखान्यातल्या नुरजामाल बाईंनी दरडावलं, "चौदा दिवस गोळ्या. एकही चुकवायची नाही. हे हाडात उतरलं तर पाय कापावा लागेल."

चौथ्या दिवशी ताप उतरला. त्याच दिवशी संघाची निवड करणारे एसेनताय दादा घरी आले. आपांनी घोडीच्या आंबवलेल्या, जराशी नशा आणणाऱ्या दुधाचे, कुमीसचे, वाडगे भरले.

"दादा, माझ्या गोळ्या चालू आहेत. त्यावर कुमीस चालत नाही म्हणतात."

"मग गोळ्या सोड की. कुमीसला नाही म्हणणारा घोड्यावर काय बसणार?"

"ताप गेलाय लेका," आपा म्हणाल्या. "पी. पाहुण्यांसमोर मान खाली घालायला लावू नकोस."

तो प्यायला. गोळ्या कपाटावर गेल्या. एवढा आदरसत्कार माझा कुणी केला नव्हता.

तोवर आमच्यातले थोडे हाडाच्या पेशींत शिरले होते, मीही त्यांतलाच. इथे विष काढणं म्हणजे स्वतःला पकडून देणं. मी विषाच्या सूचना मिटल्या, वाढणंही जवळजवळ थांबवलं. सुयुनबेक संघात निवडला गेला. मी खोलवर पडून राहिलो.

आता वसंत आलाय. रिकिबीत पाय दाबला की त्याला आतून ठणका लागतो. आज तो नुरजामाल बाईंसमोर बसलाय, शेजारी आपा. बाईंनी हाडाचा फोटो उजेडाला धरलाय.

"खरं सांग. गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्यास?"

त्याने आपांकडे बघितलं. आपा रुमालाची गाठ सोडत होत्या.

"सगळ्या घेतल्या, बाई."

"मग हे त्या जखमेचं नसणार," म्हणत बाईंनी हातात पेन घेतलंय. सुयुनबेक, माझी एवढीच विनंती आहे. यापुढेही कुणाला काही बोलू नकोस. मीही बोलणार नाही.