सहादूने वर केलेले हात

सहादू अमोलिक ओझरच्या विमानाच्या कारखान्यात हत्यारं देण्याच्या खिडकीमागे बसायचा. मागेल त्याला पाना द्यायचा, परत आला की पुसून ठेवायचा, आणि मधल्या वेळात वाचत राहायचा. पन्नाशी उलटली तरी चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याच्या घशात कापूस बसे. अशा माणसाला प्रवचन करायची हौस असावी, हे देवाचंच करणं म्हणायचं.

नाशिकजवळच्या ख्रिस्ती वस्तीत, शरणपुरात, नोकरदारांसाठी शनिवारी संध्याकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग भरे. नर्सबाई, कंपाउंडर, शाळामास्तर असे चारदोन प्रौढ विद्यार्थी लहान बाकांवर गुडघे आखडून बसत. लेखी पेपरांत सहादू सगळ्यांच्या पुढे. प्रवचनाच्या परीक्षेत मात्र मागच्या वर्षी ‘प्रिय बंधुभगिनींनो’ एवढंच म्हणून तो खाली बसला होता.

“यंदा शेवटची संधी, अमोलिक,” वर्ग घेणारे पाळक शिरसाठ म्हणाले. “बोला, प्रार्थना करा. पण शेवटी हात जोडायचे, वर करायचे नाहीत. हात पसरून मंडळीला आशीर्वाद द्यायचा तो दीक्षा घेतलेल्या पाळकानंच. तिथं चुकलात तर बाकी कितीही चांगलं झालं तरी नापास.”

“वर केले तर शॉक बसतो का हो साहेब?” निवृत्ती कंपाउंडरनं विचारलं.

“बसतो. मला. चर्चच्या समितीकडून.”

सगळे हसले. सहादूही हसला. घरी त्याच्या बायकोनं, विमलाबाईंनी, ताट वाढता वाढता विचारलं, “आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा तुमच्या तोंडून निघत नाही. तिथं काय बोलणार?”

“बघू,” सहादू म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर सालचा डिसेंबर होता. लासलगावच्या अलीकडच्या एका खेड्यात प्रवचनाची परीक्षा ठरली. गुरुशिष्य एस.टी.तून उतरले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गाव जागेवर नसावंच असं वाटत होतं. आधी कांद्याचा वास आला, मग कुत्र्याचं भुंकणं, आणि मग पत्र्याचं छोटं प्रार्थनामंदिर दुधातून वर यावं तसं समोर उभं राहिलं. शिरसाठांनी मुद्दाम साधी शाल पांघरली होती. आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून ते मागच्या भिंतीशी, सतरंजीच्या टोकाला जाऊन बसले. या गावाचा पाळक बदलून गेला होता आणि नवा कुणी आला नव्हता. त्यामुळे टेबलामागे उभा राहिलेला हाच आपला नवा पाळक, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं.

सहादू बोलू लागला. पहिली वाक्यं अडखळली. मग दारातून धुकं आत आलं, पुढच्या रांगेतले चेहरे मऊ झाले, आणि आपण कुणाशी बोलतो आहोत हेच त्याला कळेना. वाट पाहणाऱ्या माणसाजवळ देव गुपचूप येऊन बसतो, असं काहीतरी तो सांगत होता. तो आवाज कुणा दुसऱ्याचा आहे आणि आपण तो दूर कुठूनतरी ऐकतो आहोत, असं त्याला वाटत राहिलं. किती वेळ गेला, कोण जाणे.

प्रार्थना संपली. लोक उठून उभे राहिले, माना खाली घातल्या, आणि बायकांनी पदर पसरले. त्या गावची रीतच तशी होती. आशीर्वाद पदरात घ्यायचा, गाठ मारायची आणि घरी जो आजारी असेल त्याच्याकडे न्यायचा. अगदी समोर म्हाताऱ्या गोजराबाई होत्या. विटक्या लुगड्याचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू त्यात दाणे पडणार आहेत.

सहादूने हात जोडले. जोडलेले हात त्याने पाहिले, रिकामा पदर पाहिला, आणि हात सुटले. ते वर गेले. आशीर्वादाचे सगळे शब्द त्याच्या तोंडून संथपणे, एकही न चुकता निघाले. ‘आमेन’ झाल्यावरच त्याला आपले हात हवेत दिसले.

बाहेर आल्यावर शिरसाठ हळू आवाजात म्हणाले, “इतकं चांगलं प्रवचन मी या वर्गात ऐकलं नव्हतं. आणि हे काय केलंत तुम्ही?”

“कळलं नाही, साहेब.”

“त्या बाईंना जाऊन सांगा. ‘मी पाळक नाही, तो आशीर्वाद धरू नका.’ बाकीच्यांना मी सांगतो. एवढं केलंत तर चूक सुधारली असं लिहीन. पास व्हाल.”

गोजराबाईंचं घर मंदिरामागेच होतं. सहादू दारात पोचला तेव्हा त्या खाटेशी वाकल्या होत्या. खाटेवर त्यांचा लेक पुंजा, तापानं वाळलेला, कूस बदलत कण्हत होता. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि पदर त्याच्या कपाळावर, छातीवर हलकेच झटकला.

“आजी,” सहादू म्हणाला.

“या बाबा, या. बसा.” मग त्या लेकाला म्हणाल्या, “आरं, पाळकबाबा आले बघ दारात. लय दिसांनी आपल्याला कुनी मिळालं.”

सहादूनं तोंड उघडलं. घशात कापूस नव्हता, शब्द तयार होते. पण पुंजाचं कण्हणं थांबलं होतं आणि गोजराबाई ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण करत होत्या. तो उंबऱ्याशी टेकला. चुलीचा धूर आणि धुकं एकमेकांत मिसळत होते, आणि त्यात खाट हळूहळू तरंगू लागल्यासारखी दिसत होती. पुंजाचा श्वास लांब, सारखा झाला. मग सहादू पाऊल न वाजवता निघाला.

फाट्यावर शिरसाठ एकटेच उभे होते.

“सांगितलंत?”

“नाही, साहेब.”

“मग मला काय लिहावं लागेल ते माहीत आहे ना?”

“हो, साहेब.”

गाडी आली. दोघं शेजारी बसले. पिंपळगावच्या आसपास धुकं विरायला लागलं तेव्हा शिरसाठांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, “काय झालंय त्या बाईंच्या पोराला?”

“ताप आहे,” सहादू म्हणाला. “पण मी निघालो तेव्हा झोपला होता.”